उशीपुरती शांतता

बाई, तुम्ही शिकवलेलं भौतिकशास्त्र मी घरात वापरलं आणि तोंडघशी पडलो. तुम्ही जाऊन किती वर्षं झाली, पण हे तुमच्याशिवाय कुणाला सांगू? तो दिवस अजून लख्ख आठवतो. प्रयोगशाळेत समोरासमोर दोन स्पीकर, दोन्हींतून एकच सूर. मी बाकांमधून चालतोय आणि एका जागी सूर गायब होतो. मी ओरडलो, "बाई, आवाज मेला!" तुम्ही डस्टर आपटलं. "मेला नाय रे. जरा बाजूला सरक, तिथं सापडंल." सरकलो, तर तिथं तो आधीपेक्षा मोठा. सगळा वर्ग मला हसला.

आता आबा, माझे वडील, अंथरुणाला खिळलेत. एके काळी वैजापूरच्या मोंढ्यात कांद्याचा लिलाव पुकारायचे. अर्धांगवायूनं तो आवाज नेला, नुसती कुजबुज उरली. आमचं घर एका खोलीचं. त्याच खोलीत माझा कॉम्प्युटर बिडकीनच्या एका कारखान्याची डिझाइन्स दिवसभर तपासत असतो, आणि तापला की त्याचे पंखे घरघरत सुटतात. "लई डोकं उठतंय रं," आबा म्हणायचे. शेवटी त्यांच्या उशीशी माइक आणि छोटा स्पीकर लावला. माइकनं घरघर ऐकायची, स्पीकरनं तिच्या बरोबर उलटी लाट सोडायची, आणि दोन्हींनी एकमेकींना खाऊन टाकायचं. खूप खटपट केली. वाटलं, त्यांना आराम पडेल आणि मलाही त्यांचं बोलणं ऐकू येईल.

शांतता झाली, बाई, पण उशीपुरती. माझ्या खुर्चीपाशी घरघर उलट वाढली. आणि आबांना वाटलं, अख्खी खोलीच शांत झाली, म्हणून ते आणखी हळू बोलायला लागले. आधी पंख्यांच्या घरघरीवर जोर लावून बोलायचे, तेव्हा चार शब्द तरी पोचायचे. आता ओठ तेवढे हलताना दिसतात. कॉम्प्युटर थांबवून जवळ जाईपर्यंत ते दमून डोळे मिटतात, आणि तेच पुन्हा बोलायचं त्राण त्यांच्यात नाही. स्पीकर काढून टाकावा, तर आत्ता कुठं त्यांना झोप लागायला लागलीय. मी पार हरलोय.

काल दुपारी त्यांनी काहीतरी विचारलं. प्रश्नच असणार, कारण नंतर ते माझ्या तोंडाकडं बघत थांबले. मी म्हणालो, "व्हय, आबा." त्यांचे डोळे भरून आले आणि त्यांनी तोंड भिंतीकडं फिरवलं.

हे पत्र कुठं पाठवणार? पण बाई, मी कशाला हो म्हणालो ते मला ठाऊक नाही, आणि त्यांना विचारायची माझी हिंमत होत नाही.