थिएटरातला राखणदार

सोमवार, ३ नोव्हेंबर

देवाच्या कृपेने आज कसालच्या इस्पितळात रुजू झालो. वेंगुर्ल्यात अठरा वर्षं ऑपरेशन थिएटरातली झाडलोट आणि उचलठेव केली, पण इथलं थिएटर पाहून मन प्रसन्न झालं. पॅसेजच्या खिडकीतून खळ्यावरची भातझोडणी दिसते. रश्मी सिस्टरनी चहा दिला आणि पहिल्याच दिवशी मला 'काका' करून टाकलं.

नवं मशीन आलं आहे. कॉटरीने जखम जाळून रक्त थांबवतात तेव्हा धूर होतो. तो आम्ही जन्मभर नाकाने ओढला. हे मशीन तो जखमेपाशीच पाइपाने ओढून घेतं. कंपनीच्या माणसाने सगळं समजावलं. कॉटरी चालली की हे आपोआप चालतं, ती थांबली की थांबतं. फिल्टर किती उरला ते पडद्यावर टक्क्यांत दिसतं. संपला की तांबडा दिवा लागतो आणि भोंगा वाजतो. पाइपाचं तोंड कशाला चिकटलं तर ओढ आपोआप सुटते. मला हे फार आवडलं. यंत्राला माणसाची काळजी घ्यायला शिकवलं आहे.

माझ्या जागी आधी लवू होता, बावीस वर्षं. छातीच्या विकाराने चैत्रात गेला. त्यानंतर सिस्टर भांडल्या, म्हणून हे मशीन आलं.

बुधवार, ५ नोव्हेंबर

आज मशीन पहिल्यांदा चालवायचं होतं. आमच्या गावात देवाला गाऱ्हाणं, म्हणजे साकडं, घातल्याशिवाय विहिरीला नवा दोरही लावत नाहीत. थिएटरच्या बंद दारासमोर नारळ ठेवला. इथल्या देवांची नावं मला ठाऊक नाहीत, म्हणून म्हटलं, "ह्या जाग्यात जो कोण आसा, तेणा ह्या मशिनार नजर ठेवची. धूर कोणाच्या छातीत जावक देव नको, म्हाराजा!"

रश्मी सिस्टर आणि वॉचमन भिकाजी म्हणाले, "व्हय म्हाराजा!"

तिसरा 'व्हय' दाराच्या आतून आला. मागोमाग खोकला. आत कोणी नव्हतं. किल्ली माझ्याच हातात होती.

सिस्टर म्हणाल्या, "काका, भूत असात तर सांगा तेका, चप्पल भायर काढून ये." आम्ही हसलो. भिकाजी हसला नाही. मला बाजूला घेऊन त्याने झापलं, "देवाचा नाव घेवक नाय? मगे जो जवळ आसा तोच ऐकतलो. लवूचो खोकलो मी वळखतंय."

सोमवार, १० नोव्हेंबर

चार ऑपरेशनं झाली. इथले सर्जन डॉक्टर जितेंद्र पायाने कॉटरीचं बटण दाबतात, त्याच्या क्षणभर आधीच मशीन सुरू होतं. पाइप मी धरायचा असतो, पण तो माझ्या हातात आपणहून धुराकडे वळतो. थिएटरात आता जळका वास उरत नाही. भीती वाटली, खोटं कशाला लिहू? पण लवू राखत असेल तर राखू दे. वाईट काही मागितलेलं नाही.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

फिल्टर संपला. भोंगा सुरू झाला. डॉक्टर म्हणाले, बंद करा. मी म्हटलं, नवा फिल्टर घातल्याशिवाय तो बंद होत नाही, मुद्दामच तसा केलेला आहे. नवा मागवायचं कोणाच्या लक्षातच नव्हतं. दुपारी त्यांनी वायरमनकडून भोंग्याची तार कापून घेतली आणि फिल्टर नवाच आहे असं मशीनला भासवलं. पडद्यावर शंभर टक्के. आत सगळं काळं.

डॉक्टर म्हणाले, "बावीस वर्षं मशीन नसताना ऑपरेशनं केलीच ना, गुरुदास?"

"केलीत, सर," मी म्हटलं. "लवू खंय आसा?"

ते हात धुवायला गेले.

सोमवार, १७ नोव्हेंबर

हर्नियाचं ऑपरेशन. टाके घालून झाले होते, हे देवाचे उपकार. तार कापलेला भोंगा वाजला. पाइप माझ्या हातातून सुटून डॉक्टरांच्या तोंडावर बसला. मास्क आत ओढला गेला. ओढ सुटायला हवी होती. सुटली नाही. प्लग काढला तरी नाही. शेवटी पाइप दुमडून गुडघ्याखाली दाबला. डॉक्टर खाली बसले आणि काळं थुंकले.

पेशंट बरा आहे.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

डॉक्टर म्हणतात, गाऱ्हाणं मागे घे. मशीन उद्या अडगळीत टाकायचं. सहा ऑपरेशनं आहेत, ती पूर्वीसारखीच करायची.

म्हणजे धूर पुन्हा सिस्टरच्या छातीत. जिना चढताना त्यांना आत्ताच धाप लागते.

मागे घेणार नाही. आधी नवा फिल्टर.

भिकाजी म्हणतो, तू मरशील. "मरतलंय तर मरतलंय," म्हटलं. "पण फिल्टर येवंदे."

बुधवार, १९ नोव्हेंबर, सकाळी नऊ

थिएटरला आतून कडी लावून बसलो आहे. डॉक्टर दार ठोठावतात. सांगितलं, फिल्टर आणा, मग उघडतो. सिस्टरनी पहाटेच गोव्याला गाडी पाठवली आहे. जुना फिल्टर मीच उपसून काढला. नुसता कोळसा.

साडेनऊ

मशीन सुरू झालं. प्लग नाही. फिल्टर नाही. पडद्यावर शंभर.

पावणेदहा

ऐंशी. मी दहा-बारा श्वास घेतले की एक कमी होतो. श्वास रोखून पाहिला. आकडा थांबला. सोडला — उतरला.

फिल्टर मीच आहे.

दहा

पळता येईल. कडी हाताशी आहे. पण दारापलीकडे सिस्टर उभ्या आहेत. मी उठलो तर मशीन त्यांना —

नाही.

सव्वादहा

सिस्टर ओरडल्या, "काका, फिल्टर घेवन गाडी इन्सुलीक पोचली!" तिथून इथे पाऊण तास. आकडा चाळीस. छाती जळते. पाइप मांडीवर डोकं ठेवून पडला आहे. आतून खोकला येतो — माझा नाही —

लवू, ऐक. मरेन म्हणून बोललो, ते बोललो. ओढ. पण माझ्यानंतर कोणाला हात लावलास तर —

अकरा वाजायचे आहेत

तीन. श्वास धरून लिहितो आहे. आकडा हलत नाही. हलू देणार नाही. खाली हॉर्न वाजला. सिस्टर, नुसता फिल्टर घेऊ नका, आधी डॉक्टरांकडून वदवून घ्या — भोंग्याची तार परत कोणीही