मंडळापुढची तीन मिनिटं

२ मे, सकाळी
पोस्टाच्या दारावर कागद. १ जूनपासून खिडकी दिवसाला दोनच तास. पोस्टमास्तर अर्डिसची बदली लिंकन शहरात. बावीस वर्षं ही बाई इथे बसते आहे. वॉशिंग्टनला त्याचं काही नाही. मी स्वस्थ बसणार नाही. प्रश्न गावाचा आहे. माझा व्यक्तिशः संबंध नाही.

४ मे
टपाल खात्याच्या मंडळाची बैठक २२ तारखेला, वॉशिंग्टनला, जनतेसाठी खुली. नोटिशीत पुढे बारीक अक्षर होतं, ते सोडलं. बोलणाऱ्याला तीन मिनिटं देतात असं ऐकून आहे. पुरतील.

६ मे
सह्या जमवल्या. दुकानदार डेल्मर म्हणाला, अरे हॉलिस, तुला पत्रं तरी कुणाची येतात? मी म्हटलं, बियाण्यांचे कॅटलॉग येतात. म्हणाला, बाग कुठाय तुझी? सही मात्र केली. एकूण सह्या चार. गाव लाजाळू आहे.

११ मे
पोस्टातल्या माझ्या भाड्याच्या टपालपेटीची किल्ली खिशातच असते, पण मी टपाल खिडकीवर मागतो. अर्डिसला बरं वाटतं. आज म्हणाली, अहो, हाताशी पेटी आहे, उघडा की! थट्टा. अशी थट्टा ती फक्त माझी करते. वॉशिंग्टनचं तिला सांगितलं नाही. काम झाल्यावर कळू दे.

१४ मे
भाषण पाठ. आरशापुढे साडेअकरा मिनिटं. छाटणी केली. हवामान काढलं. माझी दिवंगत पत्नी काढली. अर्डिस ठेवली. तरी नऊ.

२० मे, बसमध्ये
शेजारच्या बाईला भाषण ऐकवलं. ओमाहानंतर तिने जागा बदलली. पाय पसरायचे असतील.

२२ मे, वॉशिंग्टन
बैठक पंचावन्न मिनिटं. आकडे, आभार, पुन्हा आकडे. मी हात वर केला. दारावरची बाई येऊन कानात म्हणाली, काका, आज फक्त ऐकायचं. बोलायला वर्षातून एकदाच, नोव्हेंबरात. नोटिशीत लिहिलंय ना!
बाहेर तिला विचारलं, तुम्ही ऐकाल का? तिने घड्याळ बघितलं. दीड मिनिट ऐकलं. मग म्हणाली, ही अर्डिस तुमची कोण?
मी म्हटलं, पोस्टमास्तर.
नोव्हेंबर तसा लांब नाही.

२६ मे
खिडकीत नवा माणूस. अर्डिस रविवारीच गेली, रजा शिल्लक होती. डेल्मर सांगत होता, बदली तिनेच मागून घेतली, लेकीजवळ राहायला. जानेवारीपासून मागे लागली होती. शनिवारी चर्चच्या हॉलमध्ये निरोप झाला. सगळं गाव होतं, केक होता, ती रडली. तू होतास ना रे, त्याने विचारलं.
अर्डिसने माझी चौकशी केली का, हे मी सहज विचारलं. आठवून आठवून नाही म्हणाला.
बरोबर आहे. चारचौघांत कशी करेल?