उघडलेली बंदूक मिटेना

मळ्यातली वस्ती, तालुका श्रीगोंदा
आश्विन वद्य तृतीया, शके १८९३

तीर्थस्वरूप दाजी,

तुमच्या पायांवर डोकं ठेवून लिहायला बसलो आहे. सध्या त्या डोक्यात फारसं काही उरलेलं नाही, त्यामुळे त्याचा भार तुम्हाला जाणवू नये. डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं, परवा तुम्हाला केडगावला घरी सोडलं आणि अजून तीन आठवडे डोळ्यांना अजिबात ताण द्यायचा नाही असं डॉक्टरांनी बजावलं, हे सगळं आक्काच्या कार्डावरून कळलं. वाचून आनंद झाला. पट्टी सोडण्याची घाई करू नका. या देशात उघड्या डोळ्यांनी पाहण्याजोगं तीन आठवड्यांत काही घडेल, अशी चिन्हं नाहीत.

आता मुद्दा. (हे पत्र फक्त तुमच्यासाठी आहे. आक्काच्या कानावर यातलं अक्षरही जाता कामा नये. कारण पुढे येईल.)

नवरात्रात मारुतीच्या पारावर माझं भाषण झालं, विषय स्वावलंबन. ऐंशी-नव्वद माणूस होतं. मी सव्वा तास बोललो आणि शेवटी म्हणालो, "ज्याला आपलं हत्यार उघडून पुन्हा जोडता येत नाही, तो त्या हत्याराचा मालक नव्हे, हमाल आहे!" टाळ्या पडल्या. आजही ते वाक्य मला मान्य आहे. पण टाळ्या ओसरायच्या आत मागून सहादेव उभा राहिला. (हा तोच, ज्याला मी दोनदा ग्रामपंचायतीत हरवलं आणि ज्याने मला तीनदा हरवलं.) तो म्हणाला, "भाऊ, मंग आबांची बंदूक उघडून जोडली असंल की तुमी? का हमालीच चाललीया?"

दाजी, विचारांचा माणूस अशा वेळी मागे हटत नाही. शहाणा माणूस हटतो, पण तो पारावर कशाला जाईल? मी जाहीर केलं की खंडेनवमीला आमच्या घरी बंदूक पूर्ण उघडून पुजली जाईल आणि दसऱ्याला जोडून दाखवली जाईल.

आबांची ती एकनळी त्यांचे जावई म्हणून तुम्हाला ठाऊकच आहे. आबा ती पुसायला बसले की आक्का मांडी घालून शेजारी बसायची. मी आतल्या खोलीत वर्तमानपत्र वाचायचो, कारण घरात कुणीतरी देशाचा विचार करणं भाग होतं. आबा गेले तेव्हा आक्काने मला त्याच बंदुकीवर हात ठेवून शपथ घ्यायला लावली होती. "उडव, पूस, पण उघडू नकोस. तुला कंदिलाची काच बसवता येत नाही." शपथ मोडण्याआधी मी पूर्ण विचार केला. तत्त्व हे शपथेहून मोठं असतं, असं मी आजवर वाचलेल्या चारशे पुस्तकांपैकी निदान दहांत आहे.

नगरच्या रद्दीवाल्याकडून एक सचित्र इंग्रजी पुस्तकही आणलं होतं. (त्यातली बंदूक वेगळ्या घराण्याची निघाली; ते सव्विसाव्या पानावर कळलं, तेव्हा मी पंचविसावं पान अमलात आणून मोकळा झालो होतो.) उघडणं अतिशय सोपं आहे, दाजी. सगळ्या क्रांत्या इथपर्यंत सोप्याच असतात. नळी, दस्ता, चाप, घोडा, दोन स्प्रिंगा, तीन खिळे, चार स्क्रू असं सगळं फडक्यावर मांडलं आणि पाटावर ठेवलं. आपल्याकडची रीत तुम्ही जाणता. त्या दिवशी घरातली सगळी हत्यारं एका पाटावर येतात. माझ्या बंदुकीशेजारी खुरपी, विळे, पाण्याच्या इंजिनाचे पाने, आणि आक्का नवरात्राला घेऊन आलेल्या तिच्या शिलाई मशीनचं साफ करायला सोडवलेलं किडुकमिडुकही. सगळ्यावर हळदकुंकू, झेंडू. एकदा पुजलं की शिलंगण होईपर्यंत हत्याराला हात लावायचा नाही. मीही लावला नाही. (उघडलेली बंदूक पाहून आक्का एवढंच म्हणाली, "नीट जुळली तर शपथ मोडल्याचं माफ.") दसऱ्याला सोनं वाटून, आणखी एक छोटं भाषण करून घरी आलो तेव्हा आक्काने पाट उचलून ज्याचं त्याला नीट लावून ठेवलेलं होतं. दुसऱ्या दिवशी ती तुमच्या ऑपरेशनसाठी पहिल्या गाडीने गेली, आणि मी जोडायला बसलो.

आज आठवा दिवस आहे.

पहिल्या दिवशी सगळं बसलं, फक्त एक खिळा उरला. दुसऱ्या दिवशी तो खिळा बसला, तर दोन स्क्रू उरले. तिसऱ्या दिवशी काहीच उरलं नाही, पण चाप लग्नात जेवलेल्या व्याह्यासारखा सैल पडला. मागे ओढावा तर येतो, परत जायचं नाव नाही. घोडा चढवावा तर टिकत नाही. पुस्तकात म्हटलं होतं की या अवस्थेत लहान भागांकडे संशयाने पाहावं. मी पाहिलं. त्यांनीही माझ्याकडे तसंच पाहिलं.

रविवारी पोलीस पाटील श्रीमंतराव नोटीस घेऊन आले. येत्या मंगळवारी सगळ्या परवानेदारांनी बंदूक, परवाना आणि शिल्लक काडतुसं घेऊन तालुक्याला हजर व्हायचं. साहेब नवा आहे. मागच्या आठवड्यात शेजारच्या गावातल्या एकाचा घोडा गंजलेला निघाला, तर बंदूक तिथेच ठेवून घेतली आणि परवाना रद्द करायचा कागद वर पाठवला. आमची तर फडक्यात बांधून न्यावी लागेल.

मी हसण्यावारी नेतोय असं समजू नका. गेल्या मार्गशीर्षात रानडुकराने चांगुणाबाईचा पाय गुडघ्यापासून घोट्यापर्यंत फाडला होता. सोळा टाके पडले. ती शेजारची, एकटी बाई. तेव्हापासून रोज दिवस मावळताना मी हवेत एक बार काढतो आणि चार घरांची भुईमुगाची रानं शांत राहतात. आता दहा दिवस बार नाही, आणि डुकरांना नोटीस लागत नाही. सोमवारी फटफटताच तिची हाक आली, "भाऊ, आवाज काडा! आल्यात!" मी एका हातात नुसता दस्ता घेऊन बांधावर पळालो. समोर एक मादी, मागे सात पिलं, शेंगा उकरत होती. मी आवाज काढला, तोंडाने. माझा आवाज विनामाईक पाचशे माणसांना पुरतो. मादीने मान वर केली, पिलांनीही केली, सगळ्यांनी पूर्ण ऐकून घेतलं आणि पुन्हा शेंगा खायला लागली. शेवटी चांगुणाबाईच लंगडत आली आणि तेलाचा डबा बडवत त्यांना ओढ्यापार घालवलं. जाताना म्हणाली, "डुकरांनी समदं भाषण ऐकलं बगा. मानसं मधीच उटून जात्यात." हसत म्हणाली, पण घरात शिरेपर्यंत डबा बडवत राहिली. ते मला ऐकू येत होतं.

मग मी बाबाजानकडे गेलो. तालुक्यातलं कुठलंही इंजिन तो कानाने ओळखतो. त्याने फडकं सोडलं, पाहिलं, आणि गाठ मारून माझ्या हातात परत दिलं. "भाऊ, इंजनात पार्ट चुकला तर इंजन दम टाकतं. हिच्यात चुकला तर मानूस टाकतो. मी न्हाई हात लावनार." मी त्याला श्रमिकांच्या आत्मविश्वासावर दहा मिनिटं ऐकवलं. त्याने चहा पाजला.

काल दुपारी मात्र स्प्रिंग उलटीकडून दाबून बसवली आणि घोडा टिकला! मी श्रीमंतरावांना साक्षीला बोलावलं. ते समोर बाजेवर चहा घेत बसले. बंदूक माझ्या मांडीवर. (काडतुसं ट्रंकेत कुलपात, किल्ली आमच्या सौ. राहीच्या कमरेला. पण हे मला ठाऊक होतं, त्यांना नाही.) स्वावलंबनाचा विजय कसा असतो हे सांगताना मी सवयीने पाटावर मूठ आपटली. चापाला कुणाचं बोटही लागलं नव्हतं. घोडा आपोआप पडला. खट्.

बशी फुटली. श्रीमंतराव जागचे हलले नाहीत. मी नळीच्या रेषेत पाहिलं, तर ती त्यांच्या सदऱ्याच्या दुसऱ्या गुंडीवर जात होती. कप खाली ठेवून ते म्हणाले, "भाऊ, परवान्याचं बगू. मला घरी दोन लेकरं हायेत." दाजी, मी दोन-दोन तास बोलतो. त्या वेळी मी खाली वाकून बशीचे तुकडे वेचले. ते गेल्यावर मी स्प्रिंग काढून टाकली. न उडणारी बंदूक साहेबाला दाखवता येईल, आपोआप पडणारी घरातही ठेवता येणार नाही.

असो. तुमची हयात लष्करात हत्यारं दुरुस्त करण्यात गेली, म्हणून हे केवळ विचारांच्या देवाणघेवाणीसाठी कळवलं. उत्तराची अजिबात घाई नाही. प्रकृतीला जपा. मुलांना आशीर्वाद.

तुमचा मेहुणा,
पुंजाराम

ता. क. : उत्तराची घाई आहे. आत्ताच राहीने ती काढलेली स्प्रिंग खिडकीपाशी नेऊन पाहिली आणि म्हणाली, "अवो, ही तर वन्संच्या मशीनची!" म्हणजे आठ दिवस मी बंदुकीत शिलाई मशीन जोडत होतो आणि बंदुकीची स्प्रिंग केडगावला आक्काच्या बॉबिनच्या डब्यात आहे. आक्का भाजीला गेली की गुपचूप डबा चाचपा. मशीनच्या मानाने जाड, आणि हळद लागलेली असेल. शनिवारी इथून रज्जाकचा कांद्याचा ट्रक केडगाववरून नगरला जातोय, त्याच्याकडे पुडीत द्या. सोबत जोडायची रीत चार ओळींत लिहा.

ता. क. दुसरा : आक्काला कळू देऊ नका, हे पुन्हा लिहितो. शपथेचं ती आयुष्यभर ऐकवील.

ता. क. तिसरा : पाकीट चिकटवत होतो, तर राही चुलीपासून म्हणाली, "डॉक्टरनी डोळ्याला तान देऊ नका म्हटलंय ना? मंग दाजींना पत्र वाचून कोन दावतं?"

आक्का, पोस्टमन दारात उभा आहे. पुन्हा लिहायला वेळ नाही. इथवर मोठ्याने वाचलंस, तर दाजी आता हसत असतील. त्यांना टाके आहेत, हसू देऊ नकोस. डबा रज्जाककडे देऊ नकोस. तूच घेऊन ये, सोमवारच्या पहिल्या गाडीने. आबा तुला शेजारी बसवून काय शिकवत होते, ते मी आतल्या खोलीत बसून ऐकलं नाही. चांगुणाबाई रोज मावळतीला माझ्या दाराकडे बघते. पारावर मी म्हणालो ते वाक्य खरंच आहे. फक्त या बंदुकीचा मालक मी नव्हतो.