तांबूच्या गळ्यातला डबा

४ डिसेंबर २००६

सर हसले! सगळ्यांसमोर! "भार्गवी, तुझी गाय फार देवभोळी दिसते. दुपारभर देवळाच्या पायरीवर?" सगळा वर्ग खिदळला.

मी काय आकडे मनाने लिहिते? बागेतल्या आंब्याच्या तीन कलमांना तीन वायरलेस डबे बांधलेत, जागा टेपने मोजून. चौथा शेजारच्या गोदाकाकूंच्या तांबूच्या गळ्यात. भात कापून झालंय, गुरं मोकळी सुटलीत — हिंडणारं काही शोधायचं तर याहून बरं काय? चौथ्याचा सिग्नल त्या तिघांना किती जोरात पोचतो, त्यावरून कॉम्प्युटर गायीची जागा काढतो आणि नकाशावर ठिपका दाखवतो. इतकं साधं!

"हे नाद सोड. कॉम्प्युटरमध्येच गाय फिरव आणि छान आलेख काढ," म्हणे. कॉम्प्युटरमधली गाय! शेण तरी टाकते का ती?

शुक्रवारपर्यंत खरे आकडे दाखवायचे, नाहीतर प्रोजेक्ट रद्द. वर्षभराचं काम!

५ डिसेंबर

आज परत पायरीवर. मग विहिरीपाशी. मग पुन्हा पायरी! तेवढ्यात लाईट गेली. डोकं फिरलंय माझं.

६ डिसेंबर

कॉलेज बुडवलं, सरळ देवळात गेले. पायरीवर तांबू नाहीच — आप्पा! गोदाकाकूंचे यजमान. आणि त्यांच्या गळ्यात माझा डबा!!

तशीच तरातरा काकूंकडे. त्या तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "तांबू येते गो आपसूक घरी. ह्यांना हल्ली घर सापडत नाही. हरवलेच कधी तर तुला विचारीन म्हटलं."

अहो, पण मला सांगायचं तरी! मी तिकडे सगळ्यांत गाढव ठरतेय, आणि ह्यांचं आपलं भलतंच! "काकू, हा खेळ नाही, माझं वर्ष आहे!" — ओरडलेच. "बरं हो बाई, ने," म्हणाल्या. तेवढंच. त्याचा आणखी राग आला.

डबा मीच काढून घेतला. आप्पांनी मुकाट्याने मान खाली केली. तांबूला बांधला, चांगल्या घट्ट गाठी मारून.

७ डिसेंबर

घ्या! तांबू कातळावर, तांबू बागेच्या दगडी गडग्याशी, तांबू गोठ्यात. प्रत्येक वेळी स्वतः जाऊन बघितलं — दोन-चार पावलांचा फरक, बस! आता कोणाची गाय देवभोळी? उद्या सरांच्या टेबलावर आपटते कागद. दुसरं काही खुसपट काढतीलच. काढू देत!

८ डिसेंबर

गेले नाही कॉलेजला. आप्पा काल संध्याकाळपासून घरी नाहीत. सगळी वाडी शोधतेय. काकू आत्ता माझ्या कॉम्प्युटरसमोर येऊन बसल्यात. "डबा नसला तरी काहीतरी दाखवत असेल ना गो?"

ठिपका एकच. गोठ्यात.