पडद्यावरची अज्ञात गायिका

आबा, तुमच्या संगीत नाटकाचा चित्रपट झाला आणि गेल्या रविवारी आम्ही सगळे बीडला जाऊन तो पाहून आलो. उमापूरहून अक्काला गाडी पाठवून आणवले. आपल्या धाकट्याला चित्रपट मुळीच आवडला नाही. तीस पदांची सहा केली आणि त्या सहांतही नाच घातला, असे तो परतताना गेवराई येईपर्यंत म्हणत होता. सूनबाई डोळे पुसत होत्या. माझी नात पुन्हा पाहायला जाणार आहे. मी नायिकेच्या उच्चारांविषयी बोललो, कारण बाकीच्याविषयी बोलणे मला टाळायचे होते.

चित्रपटाच्या आरंभी काळ्या पडद्यावर अर्पणपत्रिका येते: मूळ नाटकात सुनेची भूमिका करणाऱ्या अज्ञात गायिकेस. अक्काला आता अंधुक दिसते. तिने नातीकडून ते हळूच वाचून घेतले आणि माझ्या कानाशी येऊन विचारले, "अज्ञात कावून? आबा व्हते की." त्या लोकांची काहीतरी चूक झाली असेल, असे मी म्हणालो.

नाटकातल्या त्या सुनेला सासरचे लोक रिकाम्या ओटीने घराबाहेर काढतात, ती वेशीपाशी उभी राहून शेवटचे पद म्हणते आणि पडदा पडतो. आपल्या गावातल्या बायांना हे कधी सोसले नाही. जत्रेतल्या प्रयोगाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्या आपल्या स्वयंपाकघरात येत. आई स्वतः पाट मांडते. तुमची आंघोळ झालेली असते, तरी डोळ्यांतले काजळ पुरते गेलेले नसते. धोतर-सदऱ्यात तुम्ही पाटावर बसता, खांद्यावरचा पंचा पदरासारखा पुढे धरता आणि एकेक बाई त्यात तांदूळ, खण, नारळ घालते. कुणी हसत नाही. एक म्हातारी तुमच्या तोंडावरून हात फिरवून म्हणते, "आता नीट ऱ्हाय गं बाई." तुम्ही मान खाली घालून "व्हय" म्हणता. अक्का दारात उभी राहून पाहते. मी मागच्या दाराने निघून जातो.

धाकट्याचा तेव्हा जन्म व्हायचा होता. मी गेवराईच्या शाळेत सातवीत होतो. ओटी भरल्याची गोष्ट तिथवर पोचली आणि एका मुलाने भर वर्गात विचारले, "काय बे, तुझी खरी माय कोणती? घरातली का स्टेजवरली?" पुढच्याच आठवड्यात बक्षीस समारंभ होता, मराठीत मी पहिला आलो होतो. तुम्ही त्यासाठी कोट इस्त्री करून आणला होता. जेवताना मी म्हणालो की तुम्ही येऊ नका. कारण सांगितले नाही, तुम्ही विचारलेही नाही. भाकरीचा तुकडा हातात तसाच धरून तुम्ही थोडा वेळ माझ्याकडे पाहिलेत आणि म्हणालात, "बरं. न्हाई येत." त्यानंतरच्या जत्रेत तुम्ही गळा बसल्याचे सांगून भूमिका सोडलीत. लोकांनी विश्वास ठेवला. गोठ्यात धार काढताना तुम्ही तेच पद म्हणत होतात, आबा, आणि तुमचा गळा जागेवर होता. मी भिंतीपलीकडे अभ्यास करीत होतो.

दोन वर्षांपूर्वी, तुम्ही गेल्यावर बऱ्याच वर्षांनी, दिग्दर्शक घरी आले. सभ्य गृहस्थ. पदांच्या चाली पाहता त्या एका विशिष्ट गळ्यासाठीच बांधल्या असाव्यात, असे त्यांना वाटत होते. ती गायिका कोण, एवढेच त्यांनी विचारले. बाहेरगावची एक बाई होती, नाव कुणाला ठाऊक नाही, असे मी सांगितले. उत्तर शोधावे लागले नाही. ते सातवीपासून तयारच होते. त्यांनी ते वहीत टिपून घेतले.

परतताना नातीने विचारले की त्या सुनेचे पुढे काय झाले. नाटक तिथेच संपते, असे मी म्हणालो. अक्का खिडकीबाहेर पाहत होती. "न्हाई संपत," ती म्हणाली, "दुसऱ्या दिशी बाया येत व्हत्या," आणि तिने सगळे सांगितले. मग नात म्हणाली की चित्रपट अजून मोबाईलवर यायचा आहे, तोवर पणजोबांचे नाव घालता येईल, त्या लोकांना लगेच कळवायला हवे. कुणी कळवायचे, हा प्रश्नच नव्हता. "तूच लिही रं," अक्का मला म्हणाली, "तुझं शुद्ध असतंय."

आज पाचवा दिवस. ते पत्र दहा ओळींचे आहे. त्यातल्या नऊ मला पाठ आहेत. दहाव्या ओळीत, त्या लोकांना आधीची चुकीची माहिती कोणी दिली, हे लिहावे लागेल. तेथवर येऊन मी कागद बाजूला ठेवतो. आज त्याच्याऐवजी हा घेतला. सकाळी अक्काचा फोन आला होता. तिने विचारले, धाडलंस का. मी हो म्हणालो.