कुठलं वाक्य खोटं, तेवढं सांगा

कोल्टर्स फोर्क, पश्चिम व्हर्जिनिया
ऑक्टोबर, रविवार

व्हर्लीवन्सं यांना,

ऑर्फाचा नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? भावोजींचा खोकला थांबला असेल तर उत्तम. थांबला नसेल तर त्यांनी तंबाखूही सोडलेली नसणार. मी बरी आहे. म्हणजे माझ्यावर फौजदारी खटला भरलाय, पण जेवण जातं. (पत्र चारी बाजूंनी चिकटपट्टीने बंद केलंय, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. आपला पोस्टमन लायल सरळ माणूस आहे, पण तोही जिनसेंगच्या मुळ्या खणतो, आणि दुसऱ्यांच्या जागा शोधत असतो.)

आमच्या शेजारचा ड्यूई तुम्हाला आठवत असेल. तुमचा भाऊ एस्टिल गेल्यापासून माझी लाकडं तोच फोडून देतो. पैसे घेत नाही, म्हणून मी त्याला वाळलेल्या जिनसेंगच्या मुळ्यांची एक पिशवी दिली (औषधवाले यंदा सोन्याचा भाव देतायत). ती विकताना त्याला पकडलं. लाकूड कंपनी म्हणाली, या आमच्या जंगलातून चोरल्या. ड्यूई म्हणाला, ऑर्फाकाकूने दिल्या. म्हणून मला बायबलवर हात ठेवून साक्षीला उभं केलं. हो, मीच दिल्या, असं मी सांगितलं. मग सरकारी वकिलाने विचारलं, खणल्या कुठे?

वन्सं, या डोंगरात कुणी कुणाला असं विचारतं का? एस्टिलने मला ती जागा सांगितली तीच मुळी त्याला दवाखान्यातून शेवटचं घरी आणल्यावर, आणि तेव्हासुद्धा आधी खिडकी लावून घ्यायला लावली. (ती जमीन कागदावर कुणाची, हे त्याने कधी कुणाला विचारलं नाही. मीही नाही.) वकील शहरातून आलेला, पोरसवदा, बूट नवे. तो सकाळभर विचारत राहिला, मी सकाळभर उत्तरं देत राहिले: सावलीत, उत्तरेच्या उतारावर, ओढा ऐकू येतो पण दिसत नाही तिथे. ड्यूई सुटला. वकिलाने मग माझ्यावरच खटला भरला. आरोपपत्रात लिहिलंय की सदर दिवशी सदर बाईने शपथेवर खोटी साक्ष दिली. संपलं. कुठलं वाक्य खोटं, ते कुठेच नाही.

मी फिरत्या ग्रंथालयातून कायद्याचं जाडजूड पुस्तक आणून वाचलं. आपल्याला कशाचं उत्तर द्यायचंय, हे आरोपीला कळलं पाहिजे, असं त्यात स्वच्छ म्हटलंय. सरकारने मला दिलेली वकीलबाई, मिस टॅकेट, हिचंही तेच म्हणणं, फक्त लॅटिनमध्ये.

गुरुवारी हॉबर्ट न्यायाधीशांपुढे सुनावणी झाली. त्यांनी वकिलाला विचारलं, “‘सावलीत’ हे खोटं आहे?”

“नाही, साहेब.”

“‘उत्तरेच्या उतारावर’?”

“जागाच खोटी आहे, साहेब. सगळी मिळून.”

“मग खरी कुठे आहे?”

वकिलाने शेरिफला उभं केलं, कारण तो सगळे डोंगर पालथे घालून आलाय. वकिलाने विचारलं, शेरिफ, तुम्हाला जिनसेंग उगवलेलं कुठे कुठे दिसलं? कोर्ट गच्च भरलेलं होतं. जिल्ह्यातले सगळे खणणारे चर्चचे कपडे घालून आले होते, ते एकदम पुढे झुकले. ड्यूईने तर पेन्सिल काढली.

शेरिफ छताकडे बघत म्हणाला, “आठवत नाही.”

“अरे बाबा, तू शपथेवर आहेस,” न्यायाधीश म्हणाले.

“शपथेवरच आठवत नाही, साहेब.”

मागून कुणीतरी “शाबास” म्हणालं. न्यायाधीशांनी दटावलं, पण फार नाही. (त्यांच्याही नखांत माती असते.) शेवटी त्यांनी वकिलाला पुढच्या महिन्यापर्यंत मुदत दिली: खोटं वाक्य कुठलं आणि ते का खोटं, हे लिहून आणा, नाहीतर खटला काढून टाकतो.

तुरुंगाचं मला फारसं वाटत नाही, तिथे पुस्तकं असतात म्हणे. पण जागा उघड झाली तर सगळा जिल्हा कुदळी घेऊन तिथे जाईल, आणि एस्टिलची राख मी तिथेच टाकलीय. ती कुठे टाकली हे तुम्ही विचारलंत, मी सांगितलं नाही, म्हणून तुम्ही नाताळला आला नाहीत. तुमचं चुकलं नाही. मी अजून सकाळी दोन कप काढते आणि एक परत ठेवते.

भावोजींना सांभाळा.

तुम्ही रागावलात तरी तुमचीच,
ऑर्फा

ता. क. तुमच्या कोठारामागच्या टेकडीवर कुदळीवाली माणसं दिसली तर बंदूक काढू नका. साक्षीच्या शेवटी, भूक लागली असताना, जागा ‘एस्टिलच्या माणसांच्या जमिनीवर’ आहे असं मी बोलून गेले. खोटं वाक्य ते एवढंच. वकिलाला वाटतं, डोंगरातले सगळेच एस्टिलची माणसं. पण त्या माणसांपैकी आता जमीन राहिलीय ती फक्त तुमची, आणि हे जिल्ह्याला ठाऊक आहे. वकीलही चौकशी करत तुमच्याकडे येईल.

आणखी एक. सोबतच्या पुडीत ओल्या शेवाळात गुंडाळलेली जिनसेंगची लाल फळं आहेत. (पुडीवर ‘बटणं’ असं लिहिलंय ते लायलसाठी. ते शपथेवर नाही.) कोठारामागे, गळलेल्या पानांखाली बोटभर खोल पेरा. उगवायला दोन वर्षं लागतात. मिस टॅकेट म्हणते, अपिलंही तेवढी चालतात. मी तुम्हाला खोटं बोलायला सांगत नाही. तुमच्या जमिनीवर जिनसेंग आहे का, असं विचारलं तर ‘आहे’ म्हणा, पण आधी पेरा.

ही फळं त्याच्या राखेवर वाढलेल्या रोपांची आहेत. पेरून झालं की एस्टिल कुठे आहे, हे तुम्हालाही ठाऊक असेल. मग कुणालाही सांगू नका.