लेकीच्या गाडीला जकात

४ जून, सकाळ.
ज्योत्स्नाने अकोल्याहून मोबाइलवर एक खेळ पाठवला. मध्ययुगातलं राज्य. कर घ्यायचा, धान्य आणि लोकर विकायची, गाव जगवायचं. तिचं गाव माझ्या गावाशेजारी. बँकेची नोकरी सोडून तिने बेकरी काढली तेव्हापासून आमचं बोलणं बंद आहे. चूक तिची. खेळात मात्र दोन ओळी लिहिते.
निश्चय: खेळातून तिला व्यवहार शिकवायचा. बी.कॉम. उगाच झाले नाही.

९ जून.
दूध, भांडी, दळण, मग दरबार. खजिना भरतो आहे. लोकर विकली नाही. आमच्या घरून कापूससुद्धा भाव आल्याशिवाय निघत नसे. प्रजा नाराज असल्याचा इशारा येतो. प्रजा नाराजच असते.

१३ जून.
ज्योत्स्नाच्या गावात दुष्काळ. तिने लिहिलं, "आई, गहू दे न. लोकं उपाशी मरून राहिले." दिला. वेशीवर जकात घेऊन दिला. सगळ्यांकडून घेते.
खुशालराव चहा पिता पिता म्हणाले, "लेकीच्या गाडीले नाका लावणारी माय पयल्यांदा पाहून राहिलो. पोरगी मायेरून पावती घेऊन जाईन काय?" नवऱ्याला अर्थशास्त्र शिकवण्याचं वय गेलं.

१४ जून, दुपार.
तिचा संदेश: "मायेरात जकात काहून?" मी लिहिलं, नियम म्हणजे नियम. पुढे काही आलं नाही. विचार करत असेल. चांगलंच आहे.

२० जून.
शांतता. बेकरीत गर्दी असेल. किंवा नसेल. फोन आधी तिने करावा.

२२ जून.
लोकर उंदरांनी खाल्ली. परवा भाव आला होता, पण आणखी वाढला असता. हिशेब बरोबर होता. उंदीर चुकले.

२५ जून.
जकात माफ केली. झुकले नाही, धोरण बदललं. चारशे पोती गहू तिच्या गावी फुकट पाठवला. लगेच इंग्रजीत उत्तर: राणीसाहेब, आपले उपकार आम्ही विसरणार नाही. एवढ्या आदराने ती जन्मात बोलली नव्हती. शिकवण रुजली. आता रोज पाठवणार.

३ जुलै.
खुशालरावांना तिचा फोन आला. त्यांनी मुद्दाम स्पीकर लावला. मी विचारलं, गहू पुरतो ना? ती म्हणाली, कोणता गहू? जकातीचं विचारलं त्या दिवशीच तिने खेळ काढून टाकला होता. सोडलेलं गाव कॉम्प्युटर चालवतो, आभारही तोच मानतो.
मग वडिलांना म्हणाली, बेकरी बंद केली, ओव्हन विकला.
मी विचारलं, कितीला?
ती म्हणाली, फोन ठेवते मी.

संध्याकाळ.
तिच्या गावाने पुन्हा गहू मागितला. पाठवला. आभार आले.